पॉल एर्लिख : पेशींतल्या दाण्यांना नावे देणारे डॉक्टर

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की पांढऱ्या पेशींच्या खाली पाच नावे दिसतात : न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. यांतल्या तीन नावांचा शेवट ‘फिल’ असा आहे. ग्रीक भाषेतून आलेल्या या प्रत्ययाचा अर्थ ‘आवड असलेला’. आवड कशाची, तर रंगाची. इओसिनोफिल म्हणजे इओसिन हा लालसर रंग धरणारी पेशी. बेसोफिल म्हणजे अल्कधर्मी रंग धरणारी. न्यूट्रोफिल म्हणजे या दोन्ही प्रकारांच्या मिश्रणातून तयार होणारा उदासीन रंग धरणारी.

खरे तर रंग अख्खी पेशी धरत नाही, तिच्या आतले बारीक दाणे धरतात. वैद्यकीय भाषेत त्यांना ग्रॅन्युल्स म्हणतात. या दाण्यांना रंग लावून त्यांचे प्रकार पाडणारे आणि त्यावरून पेशींची ओळख ठरवणारे डॉक्टर म्हणजे पॉल एर्लिख. सिफिलिसवरच्या पहिल्या खात्रीच्या औषधामुळे त्यांचे नाव जगभर झाले. मात्र त्या औषधाकडे जाणारी वाट या दाण्यांपासूनच सुरू झाली होती.

बालपण आणि रंगांचा नाद

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे गाव प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडिलांचा खाणावळीचा आणि मद्य गाळण्याचा व्यवसाय होता. आईच्या माहेरचे, नात्याने भाऊ लागणारे कार्ल वायगर्ट एर्लिख यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते. ते पुढे नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट झाले. शरीरातल्या ऊतींना आणि जिवाणूंना रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे काम वायगर्ट करत होते. धाकट्या भावाला रंगांचा नाद लागला तो त्यांच्यामुळे.

त्या काळात जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचे कारखाने भराभर उभे राहत होते. हे ॲनिलिन रंग कापडासाठी होते. एर्लिख यांना त्यांत वेगळेच काही दिसले. एकच रंग पेशीच्या एका भागाला घट्ट धरतो आणि शेजारच्या भागाला शिवतही नाही, असे का व्हावे? त्यांचे उत्तर होते की यामागे रसायनशास्त्र आहे. रंगाची रचना आणि पेशीतल्या त्या पदार्थाची रचना एकमेकांना जुळत असली पाहिजे.

ब्रेस्लाउ, श्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग अशा ठिकाणी त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. ठरलेल्या अभ्यासापेक्षा रंगांच्या बाटल्यांतच त्यांचा जीव अधिक रमे. ब्रेस्लाउला आलेल्या रॉबर्ट कोख यांना या विद्यार्थ्याची ओळख करून देताना तो रंग देण्यात पटाईत आहे, पण परीक्षा काही पास होणार नाही, असे सांगण्यात आल्याची आठवण प्रसिद्ध आहे. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता ऊतींना रंग देण्याचे शास्त्र आणि तंत्र.

मास्ट पेशी : चुकीच्या कल्पनेतून आलेले नाव

याच विद्यार्थिदशेत त्यांना संयोजी ऊतींमध्ये, म्हणजे अवयवांना आधार देणाऱ्या आणि जोडून ठेवणाऱ्या ऊतींमध्ये, एक वेगळी पेशी दिसली. तिचे पोट दाण्यांनी गच्च भरलेले होते. अल्कधर्मी रंग लावल्यावर हे दाणे रंगाची मूळ छटा न घेता लालसर जांभळे दिसत. दाण्यातला पदार्थ रंगाला नुसता धरत नाही, त्याची छटाही बदलतो, हे त्यांच्या लक्षात आले.

ज्या ऊतींना भरपूर पोषण मिळते तिथे या पेशी जास्त दिसतात, असे त्यांना वाटले. ही पेशी जास्तीचे अन्न साठवून पुष्ट झाली असावी, असा त्यांनी तर्क केला. जनावराला चारून पुष्ट करणे या अर्थाचा जर्मन शब्द घेऊन त्यांनी तिला ‘मास्ट’ पेशी म्हटले. पोषणाचा तर्क चुकला, पण नाव टिकले. दाणे ही त्या पेशीची स्वतःची निर्मिती आहे, तिने स्वतः तयार करून साठवलेला माल आहे, ही त्यांची दुसरी कल्पना मात्र बरोबर निघाली.

या कल्पनेला आधार होता. ब्रेस्लाउ येथील त्यांचे एक शिक्षक रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७५ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींतले दाणे तपासले होते. उपाशी प्राण्यात हे दाणे पेशीत साठलेले असतात आणि पचन सुरू झाले की कमी होतात, असे त्यांना आढळले होते. म्हणजे दाणा हा गरज पडल्यावर बाहेर सोडायचा साठा असू शकतो.

रक्ताचा थेंब आणि तीन रंग

१८७८ मध्ये एर्लिख बर्लिनच्या शारिते रुग्णालयात थिओडोर फ्रेरिक्स यांच्या हाताखाली रुजू झाले. फ्रेरिक्स यांनी या तरुण डॉक्टरला प्रयोगांसाठी मोकळीक दिली. एर्लिख यांनी रक्ताचा थेंब काचेवर अगदी पातळ पसरवला, वाळवला, धातूच्या पट्टीवर तापवून पक्का केला आणि मग रंगवला. पांढऱ्या पेशींत दाणे असतात हे त्याआधीच्या काही संशोधकांनाही दिसले होते. पण ते ताज्या, न रंगवलेल्या रक्तात पाहत. दाण्यांमधला रासायनिक फरक त्यात कळत नसे.

रंग लावल्यावर चित्र बदलले. काही पेशींचे दाणे मोठे होते आणि आम्लधर्मी इओसिनने तेजस्वी लाल-केशरी दिसत. काहींचे दाणे अल्कधर्मी रंग घेऊन गडद जांभळे होत. सर्वात जास्त संख्येने असलेल्या पेशींचे दाणे बारीक होते आणि आम्ल व अल्कधर्मी रंग मिसळल्यावर तयार होणारा उदासीन रंग घेत. १८७९ आणि १८८० मधल्या लेखांत त्यांनी हे वर्गीकरण मांडले. दाण्यांच्या पाच प्रकारांना त्यांनी अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत ग्रीक अक्षरे दिली. ती अक्षरे मागे पडली, पण रंगांवरून दिलेली नावे आजही प्रत्येक लॅबमध्ये वापरली जातात.

याचा उपयोग लगेच दिसला. कोणत्या पेशी किती आहेत हे मोजता येऊ लागले. रक्ताच्या कर्करोगांत दाणेदार पेशी वाढल्या आहेत की दाणे नसलेल्या, हा फरक करता येऊ लागला. दाणेदार पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, हेही त्यांनी ठामपणे मांडले.

दाण्यांत नेमके काय असते?

एर्लिख यांनी दाण्यांना नावे दिली तेव्हा त्यांच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हते. ते कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे लागली. आज आपल्याला जे माहीत आहे ते थोडक्यात असे :

न्यूट्रोफिलचे दाणे : जिवाणूंशी लढणाऱ्या पेशींचा हा दारूगोळा. त्यांचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारात मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज, डिफेन्सिन यांसारखे जंतुनाशक पदार्थ असतात. दुसऱ्या प्रकारात लॅक्टोफेरिन असते, ते लोह बांधून ठेवते आणि जिवाणूंना मिळू देत नाही. न्यूट्रोफिल जिवाणूला गिळतो आणि दाणे त्या गिळलेल्या पिशवीत रिकामे करतो. मायलोपेरॉक्सिडेजचा रंग हिरवट असतो. पू किंवा दाट कफ हिरवट दिसण्याचे ते एक कारण आहे.

इओसिनोफिलचे दाणे : यांत तीव्र अल्कधर्मी प्रथिने असतात, म्हणूनच ते आम्लधर्मी इओसिनला घट्ट धरतात. ही प्रथिने जंतांच्या आवरणाला इजा करतात. पण दम्यासारख्या आजारात तीच श्वासनलिकेच्या अस्तरालाही इजा करतात.

बेसोफिल आणि मास्ट पेशींचे दाणे : यांत हिस्टामिन असते. शिवाय मास्ट पेशींत हेपरिन हा तीव्र आम्लधर्मी पदार्थ असतो. अल्कधर्मी रंगाची छटा बदलून जाते ती यामुळे. मास्ट पेशींत हेपरिन असल्याचे १९३७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले. हिस्टामिनचा साठाही तिथेच असल्याचे १९५३ मध्ये राइली आणि वेस्ट यांनी सिद्ध केले. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, सटासट शिंका येतात, मधमाशी चावल्यावर सूज येते, तेव्हा या पेशींनी आपले दाणे एकाच वेळी बाहेर टाकलेले असतात. हेच सगळ्या शरीरभर घडले तर रक्तदाब एकदम खाली येतो, श्वास कोंडतो आणि जिवावर बेतते.

प्लेटलेटचे दाणे : अल्फा दाण्यांत रक्त गोठायला मदत करणारी प्रथिने, तर घन दाण्यांत एडीपी, सेरोटोनिन आणि कॅल्शियम असते. जखम झाली की हे दाणे रिकामे होतात आणि आणखी प्लेटलेट तिथे गोळा होतात. (या दाण्यांचे अल्फा हे नाव एर्लिख यांच्या यादीतले नाही.)

ग्रंथींचे दाणे : स्वादुपिंडातल्या काही पेशींत पाचक रसांचे दाणे, तर बीटा पेशींत इन्सुलिनचे दाणे असतात. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की इन्सुलिनचे दाणे पेशीच्या कडेला येऊन रिते होतात.

ग्लायकोजेनचे कण : यकृत आणि स्नायूंच्या पेशींतला हा साखरेचा साठा आहे. वरच्या दाण्यांसारखे यांच्याभोवती आवरण नसते आणि ते बाहेर टाकलेही जात नाहीत, पेशीतच वापरले जातात. फ्रेरिक्स मधुमेहाचे तज्ज्ञ होते. त्यांच्याकडे असताना एर्लिख यांनी आयोडिन वापरून ऊतींतले ग्लायकोजेनही तपासले होते.

दाणा कोणताही असो, तो पेशीने साठवलेला माल असतो आणि आतल्या पदार्थाच्या रसायनावरून त्याचा रंग ठरतो. रंगावरून रसायन ओळखायचे, हा एर्लिख यांचा मार्ग बरोबर होता.

स्वतःच्याच थुंकीत सापडलेले जंतू

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. श्रोत्यांमध्ये एर्लिख होते. हा जंतू रंगवणे फार अवघड होते. एर्लिख त्याच दिवसापासून त्यावर सोपी पद्धत शोधायला लागले. वाळत ठेवलेल्या काचा शेगडीवर तापल्या आणि त्यामुळे रंग चांगला चढला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांना असेही दिसले की या जंतूने एकदा रंग धरला की आम्लाने धुतले तरी तो सुटत नाही, बाकीच्या जंतूंचा मात्र सुटतो. त्झील आणि नेल्सन यांनी पुढे या पद्धतीत सुधारणा केली. आपल्याकडे टीबीसाठी थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते, ती याच तत्त्वावर.

१८८३ मध्ये त्यांचा हेडविग पिंकुस यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. १८८५ मध्ये फ्रेरिक्स यांचे निधन झाले. नव्या प्रमुखांना एर्लिख यांच्या संशोधनात तितका रस नव्हता. त्यात ज्यू असल्यामुळे जर्मन विद्यापीठांत वरची जागा मिळणे त्यांना अवघड होते. १८८८ मध्ये स्वतःच्या थुंकीची तपासणी करताना त्यांना त्यात क्षयाचे जंतू दिसले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, कोरडी हवा आणि विश्रांती हाच उपाय. पत्नीसह ते इजिप्तला गेले. १८८९ मध्ये बरे होऊन बर्लिनला परतले तेव्हा त्यांच्याकडे नोकरी नव्हती. त्यांनी स्वतःचीच एक छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम पुढे चालू ठेवले. नंतर कोख यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली.

इथे त्यांच्या विचाराला वेगळे वळण लागले. रंग जर जिवंत शरीरातही ठरावीक ठिकाणीच चिकटत असेल, तर तो जंतूला चिकटवून जंतू मारता येईल का? मलेरियाचा परजीवी मेथिलीन ब्लू हा निळा रंग उत्तम धरतो, हे माहीत झाले होते. १८९१ मध्ये एर्लिख आणि पॉल गुटमान यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिला आणि त्यांना गुण आला. क्विनाइनपेक्षा तो सरस नव्हता. पण प्रयोगशाळेत तयार झालेला रंग माणसाच्या शरीरातल्या जंतूवर औषध म्हणून चालू शकतो, हे त्यातून दिसले.

एरंड, गुंज आणि घटसर्प

१८९० मध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले, की विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो. एर्लिख यांनी हे मोजून पाहायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी एरंडाच्या बियांतले रिसिन आणि गुंजेच्या बियांतले अब्रिन ही दोन जहाल विषे निवडली. उंदरांना आधी अगदी थोडी, मग हळूहळू वाढती मात्रा दिली. काही आठवड्यांनी हे उंदीर एरवी मारून टाकणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट विष पचवू लागले. रिसिनला सरावलेला उंदीर अब्रिनने मात्र मरत असे. म्हणजे उतारा त्या त्या विषापुरताच असतो. आईच्या दुधातून हे संरक्षण पिल्लांना मिळते, हेही त्यांनी दाखवले.

घटसर्पाने तेव्हा हजारो मुले गुदमरून मरत. बेहरिंग यांचा प्राण्यांपासून मिळवलेला सीरम उपयोगी होता, पण एका बाटलीत उतारा भरपूर असे, तर दुसरीत जवळजवळ नसेच. एर्लिख यांनी प्राण्यांना वाढती मात्रा देऊन जोरदार सीरम कसा मिळवायचा हे बसवले आणि १८९७ मध्ये सीरमची ताकद मोजण्याचे पक्के एकक ठरवून दिले. आज इन्सुलिनच्या किंवा लशीच्या बाटलीवर आपण ‘युनिट’ वाचतो, त्या पद्धतीच्या मुळाशी हे काम आहे. १९०१ चे नोबेल पारितोषिक एकट्या बेहरिंग यांना मिळाले आणि पुढे दोघांचे संबंध दुरावले.

१८९६ मध्ये बर्लिनजवळ श्टेग्लित्झ येथे एर्लिख यांच्या नेतृत्वाखाली सीरमची तपासणी करणारी संस्था निघाली. १८९९ मध्ये ती फ्रँकफुर्टला हलली.

पेशीवरच्या कड्या

१८९७ च्या सुमारास एर्लिख यांनी आपली साइड-चेन कल्पना मांडली. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक आकाराच्या कड्या असतात. विषाचा कण त्याला जुळणाऱ्या कडीतच अडकतो. कडी अडकून निकामी झाली की पेशी तशा आणखी कड्या बनवते, जास्तीच्या कड्या सुटून रक्तात येतात आणि विषाला बाहेरच पकडतात. रक्तातल्या या मोकळ्या कड्या म्हणजे आजच्या अँटिबॉडी, आणि पेशीवरच्या कड्या म्हणजे रिसेप्टर.

तपशिलात ही कल्पना पुढे बदलली, पण रिसेप्टर हा शब्द आज प्रत्येक औषधाच्या माहितीत असतो. अँटिहिस्टामिनची गोळी हे चांगले उदाहरण आहे. मास्ट पेशीच्या दाण्यांतून सुटलेले हिस्टामिन ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटते, ती जागा ही गोळी आधीच अडवून बसते.

१९०८ चे वैद्यकाचे नोबेल एर्लिख आणि इल्या मेचनिकोव यांना विभागून मिळाले. जंतूंना गिळणाऱ्या पेशीच आपले रक्षण करतात, असे मेचनिकोव मानत. एर्लिख रक्तद्रवातल्या पदार्थांवर भर देत. दोघांच्या पक्षांत बराच वाद झाला होता. आज आपल्याला माहीत आहे की अँटिबॉडी जंतूवर खूण करते, न्यूट्रोफिल तो गिळतो आणि दाणे त्याला मारतात. दोघेही बरोबर होते.

६०६ क्रमांकाचे औषध

१९०६ मध्ये फ्रांत्सिस्का श्पायर यांच्या देणगीतून फ्रँकफुर्टला गेओर्ग-श्पायर-हाउस ही संस्था उभी राहिली. इथे एर्लिख यांनी आर्सेनिकची शेकडो संयुगे तयार करून घेतली. ध्येय एकच : जंतूला चिकटेल, पण रुग्णाच्या पेशींना कमीत कमी धरेल असा पदार्थ. हवे तेच लक्ष्य गाठणाऱ्या जादूच्या गोळीची उपमा ते यासाठी देत.

१९०५ मध्ये सिफिलिसचा जंतू सापडला होता. आपल्याकडे उपदंश किंवा गरमी म्हणून ओळखला जाणारा हा आजार. तेव्हा त्यावर पारा देत. पाऱ्याने दात पडत, तोंड सुजे, मूत्रपिंडे बिघडत, आणि रोग पुरता जात नसे. १९०९ मध्ये तोक्योहून आलेले साहाचिरो हाता यांनी जुनी संयुगे पुन्हा तपासायला घेतली. ६०६ क्रमांकाचे संयुग आधीच्या तपासणीत निरुपयोगी ठरले होते. हाता यांनी सिफिलिस झालेल्या सशांना ते टोचले आणि जंतू नाहीसे झाले. १९१० मध्ये ते साल्व्हर्सान या नावाने बाजारात आले. त्याआधी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना तपासणीसाठी मोफत दिल्या गेल्या होत्या.

औषध सोपे नव्हते. हवेशी संपर्क आला की ते बिघडे. निर्जंतुक पाण्यात नीट विरघळवून शिरेतून द्यावे लागे. मात्रा किंवा पद्धत चुकली तर रुग्णाला इजा होई, काही मृत्यूही झाले. एर्लिख प्रत्येक दुष्परिणामाची माहिती मागवत आणि डॉक्टरांना सूचना पाठवत राहिले. १९१२ मध्ये वापरायला सोपे असे निओसाल्व्हर्सान आले. तरीही त्यांच्यावर पैशासाठी लोकांवर प्रयोग केल्याचे जाहीर आरोप झाले. १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयात खटला चालला आणि आरोप करणाऱ्या पत्रकाराला बदनामीबद्दल शिक्षा झाली. पेनिसिलिन येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, सिफिलिसवर मुख्य आधार या औषधांचाच होता.

या औषधाचा भारताशीही एक दुवा आहे. १९४३ मध्ये डॉ. वाइनगार्टेन यांनी इथल्या रुग्णांतल्या एका आजाराचे वर्णन केले. रात्री वाढणारा खोकला, दम लागणे आणि रक्तात इओसिनोफिल प्रचंड वाढलेले. या आजाराला त्यांनी ट्रॉपिकल इओसिनोफिलिया म्हटले आणि निओसाल्व्हर्सानच्या वर्गातल्या आर्सेनिकच्या औषधाने गुण येत असल्याचे नोंदवले. एर्लिख यांनी नाव दिलेल्या पेशींच्या आजारावर एर्लिख यांचेच औषध चालले. हा आजार हत्तीरोगाच्या जंतांना शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिसादातून होतो, हे नंतर समजले. आज त्यावर डायइथाइलकार्बामाझिन म्हणजे डीईसीच्या गोळ्या देतात.

शेवटची वर्षे

एर्लिख यांची राहणी साधी आणि थोडी अव्यवस्थित होती. खोलीभर पुस्तके आणि कागदांचे ढीग असत. सहकाऱ्यांना रोजच्या कामाच्या सूचना ते रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देत. कडक सिगार मात्र ते दिवसभर ओढत, दिवसाला पंचवीसपर्यंत. खाण्याकडे लक्ष नसे. १९१४ च्या अखेरीस त्यांची प्रकृती ढासळली आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नाझी राजवटीत त्यांचे ज्यू असणे पुन्हा आड आले. फ्रँकफुर्टमधल्या रस्त्याला दिलेले त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. पत्नी हेडविग यांना जर्मनी सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत आले. पुढे जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. लशी आणि सीरम तपासणारी तिथली सरकारी संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तुमचा रिपोर्ट वाचताना

आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये रक्ताची काच लीशमन रंगाने रंगवतात. त्यात इओसिन आणि मेथिलीन ब्लू हे एर्लिख यांच्या टेबलावरचेच दोन रंग असतात. सीबीसीचे यंत्रही प्रत्येक पेशीवर प्रकाश टाकून तो किती विखुरतो हे मोजते. दाणे जास्त असतील तर प्रकाश जास्त विखुरतो. म्हणजे यंत्रसुद्धा पेशीची ओळख ठरवताना दाण्यांचा आधार घेते.

काही गोष्टी लक्षात ठेवा :

न्यूट्रोफिल वाढले असतील तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग किंवा सूज असते. स्टिरॉइडची औषधे आणि शरीरावरचा ताण यांनीही ते वाढतात. ‘टॉक्सिक ग्रॅन्युल्स’ असा शेरा असेल तर दाणे नेहमीपेक्षा गडद दिसत आहेत असा अर्थ असतो. तो गंभीर संसर्गात दिसू शकतो.

इओसिनोफिल नुसत्या टक्केवारीवर न पाहता एकूण संख्या पाहा. ती ५०० च्या वर असेल तर अ‍ॅलर्जी, दमा, जंत, हत्तीरोगाचा संसर्ग किंवा एखादे औषध यांपैकी कारण शोधावे लागते. स्वतःच्या मनाने जंतांच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेऊ नका.

बेसोफिल एरवी एक-दोन टक्क्यांच्या आतच असतात. ते सतत वाढलेले दिसले तर रक्तविकार तज्ज्ञांना दाखवा.

मधमाशी चावल्यावर, औषध किंवा काही पदार्थ घेतल्यावर गांधींबरोबर श्वास कोंडणे, ओठ किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे असे झाले तर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. तिथे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. नुसत्या अँटिहिस्टामिनच्या गोळीवर विसंबू नका.

रिपोर्टमधला एखादा आकडा ठळक छापलेला दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. तुमची लक्षणे, तपासणी आणि आधीचे रिपोर्ट यांच्याशी तो आकडा जुळवून पाहणे हे तुमच्या डॉक्टरांचे काम आहे. रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा आणि कोणत्या पेशी वाढल्या आहेत, त्याचे कारण काय असू शकते, हे मोकळेपणाने विचारा.